फुकटच्या भाकरीचे तुकडे



पांच हजार पुरुषांना प्रभूनें रानांत जेवूं घातल्याची गोष्ट आपल्या मुलांसहि पाठ आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत ती वाचतांना आपलें लक्ष जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्या यांजवर खिळतें. परंतु सर्व तृप्त झाल्यावर प्रभूनें शिष्यांस जें काम सांगितलें तें आपण घाईनें ओलांडून जातों. त्यानें त्यांना उरलेले तुकडे वेंचावयास लाविलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ती भाकरी कोणीं विकत घेतली नव्हती. ज्याच्या हातीं पांचांच्या हजारों होतात त्याला तुकड्यांची काय वाण? तरी त्यानें गवतावर तुकडा राहूं दिला नाहीं.

हें आतां सांगण्याचें कारण असें कीं, २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत देण्याची योजना काढली. गरीब शेतकऱ्यास हा मोठा आधार आहे, व त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतों. पण मागें एका मंडळींत मुक्कामास असतां, प्रार्थनासभेहून रात्रीं परततांना, वाटेंत पाण्याचा आवाज ऐकूं आला. विहिरीवरचा पंप चालू, उसाचें शेत भरून पाणी ओढ्याकडे चाललेलें, आणि जवळ कोणी नाहीं. सकाळीं त्या बंधूस विचारलें. तो म्हणाला, "पाळकसाहेब, बिल कोठें येतें?"

त्याला येत नाहीं हें खरें. कोणास तरी येतेंच. पांच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारें ४ युनिट वीज खातो. कोळशावरच्या वीजकेंद्रांत एका युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. म्हणजे आठ तासांच्या एका पाळीस १६ किलोहून जास्त. तो चंद्रपुराकडे जळतो, आणि त्याचा धूर व राख तेथील लेंकरांच्या छातींत जाते. कोयनेच्या विजेसाठीं तर गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. आणि ओढ्यास गेलेलें तें पाणी? ज्या झऱ्यांचें तें, तेच झरे शेजारणीच्या विहिरीसहि पुरवितात.

येथें त्या बंधूची बाजूहि मांडली पाहिजे. शेताची वीज पुष्कळ गांवीं अजून रात्रीं येते. काळोखांत, सापविंचवाच्या वाटेनें विहिरीवर जाणें सोपें नाहीं. म्हणून लोक पंपास 'ऑटो' बसवितात, आणि वीज आली कीं पंप आपोआप सुरू होतो. जो पाळक पंख्याखालीं निजतो त्यानें त्यास दोष देऊं नये. मीं दिला, आणि मग आठवलें कीं माझ्याच मंदिराच्या दारावर शंभर वॅटचा जुना दिवा रविवारपासून रविवारपर्यंत रात्रंदिवस जळत असतो. आठवड्यास जवळजवळ १७ युनिट! त्याचें बिल मंडळी भरते, मी नाहीं. आतां तेथें ९ वॅटचा एलईडी दिवा आहे. जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतका तो उजेड देतो, पायऱ्या दिसण्यास तेवढा पुरतो, आणि उपासना संपल्यावर मी तो स्वतः मालवितों.

मग त्या बंधूबरोबर बसून वाट काढली. ठरलेल्या वेळीं पंप बंद करणारा टायमर तालुक्याच्या गांवीं मिळतो. उसास किती तास पाणी पुरतें हें त्याला पक्कें ठाऊक होतें. त्याप्रमाणें बंद करण्याची गरज कधीं वाटली नव्हती, इतकेंच.

बहिणींना याविषयीं फार शिकवावें लागत नाहीं. जी तीन मैलांवरून सरपणाचा भारा आणते, ती डाळ आधीं भिजत घालते, भांड्यावर झांकण ठेवते, आणि भाकरी झाल्यावर चुलींतल्या आरावर पाणी तापवून घेते. सरपण फुकट मिळतें असें पुरुष म्हणतात. ती म्हणत नाहीं. पिठाची गिरणी चालविणाऱ्या बंधूंनींहि दळण येईपर्यंत पट्टा रिकामा फिरवूं नये.

उपदेशकांस विनंती कीं, येत्या रविवारीं हा अध्याय वाचून झाल्यावर कोणाकोणाच्या पंपास टायमर नाहीं हें मंडळींत विचारावें. ज्यास तो जोडतां येत नाहीं त्याच्याकडे वीजकाम जाणणाऱ्या एखाद्या तरुणास पाठवावें. पाऊस लागण्यापूर्वीं हें व्हावें.