घडी बसते तेव्हा

कागद कसाही फाडलेला असो, कडा कितीही वेड्यावाकड्या असोत, त्याला घडी घातली की ती सरळच पडते. पट्टी लागत नाही, दोरा लागत नाही. पट्टीनं सरळ रेघ आखता येते खरी, पण ती पट्टी सरळ आहे हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्या पट्टीवरून? आणि ती दुसरी? घडीला हा पेच पडत नाही. कागद दुमडून एक थर दुसऱ्यावर सपाट बसवला की वरच्या थरातला प्रत्येक बिंदू खालच्या कुठल्यातरी बिंदूवर येऊन टेकतो. अशी एक जोडी घ्या. दुमडताना कागद ताणला जात नाही, त्यामुळे घडीवरचं प्रत्येक ठिकाण त्या दोन्ही बिंदूंपासून सारख्याच अंतरावर राहतं. दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेल्या ठिकाणांची मिळून सरळ रेषाच होते, तिला आपण शाळेत लंबदुभाजक म्हणायला शिकलो. कंपासानं दोन कंस काढून जी रेषा मिळवायची, ती घडी एका दाबात देते.

इतकी सोपी गोष्ट भूमितीच्या शास्त्रात यायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. आपल्याकडची जुनी भूमिती दोरीतून आली. यज्ञवेदी आखण्यासाठी खुंट्या ठोकून दोरी ताणायची, तिचे नियम शुल्बसूत्रांत आहेत. ग्रीकांची भूमिती पट्टी आणि कंपासाची. घडी मात्र घरात राहिली, कपाटात, पोळपाटावर, बाइंडरच्या हातात. माझं मत असं, की ती बायकांच्या आणि कारागिरांच्या हातची होती म्हणूनच तिच्यात विचार असू शकतो हे कुणाच्या मनात आलं नाही.

भाषेला मात्र ते आधीच उमगलं होतं. इंग्रजीत एखादा धंदा ‘फोल्ड’ झाला म्हणजे बंद पडला, पत्त्यांच्या डावात ‘फोल्ड’ म्हणजे पानं टाकून हार मानणं. मराठीत घडी बसली म्हणजे काम मार्गी लागलं. संसाराची घडी बसते, कारखान्याची बसते, राज्याचीसुद्धा बसते, आणि संकट आलं की ती विस्कटते. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांचं जे झालं, ते सांगायला मराठी माणसाला दुसरा शब्द शोधावा लागत नाही. इंग्रजीला घडीत मिटणं दिसलं, आपल्याला त्यात जागच्या जागी असणं दिसलं. आणि लक्ष्मी रस्त्यावरून आणलेली नवी साडी पहिल्यांदा नेसायची तर तिची आपण घडी मोडतो. घडी मोडली तरच साडी अंगाला लागते.

पैठणी जपणाऱ्या बायकांना घडीची दुसरी बाजूही माहीत असते. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की नेमकी त्या रेषेवर जर तुटते. म्हणून अधूनमधून ती उलगडायची, हवा द्यायची आणि वेगळ्या ठिकाणी दुमडायची. कागदाचंही तेच. घडीच्या रेषेवर त्याचे तंतू दबतात, तुटतात, म्हणून कागद पुढच्या वेळी आपणहून तिथेच दुमडतो आणि शेवटी तिथेच फाटतो. आडव्या-उभ्या घड्या घातलेला नकाशा आधी घड्या एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यांवर भोकं पडून जातो. जपानी अंतराळ-अभियंता कोर्यो मिउरा यांनी उभ्या घड्या सरळ न ठेवता तिरप्या, नागमोडी केल्या. त्यामुळे थर बरोबर एकमेकांवर येत नाहीत आणि एक कोपरा ओढला की सगळा कागद एकदम उघडतो, तसाच मिटतोही. १९९५ मध्ये जपानच्या एका अंतराळयानावर अशा घडीचं सौर-पटल उलगडून पाहिलं गेलं. कपाटातल्या पैठणीचा आणि त्या पटलाचा प्रश्न मुळात एकच आहे: लहान जागेत ठेवायचं, पण उघडण्याची सोय न गमावता.

पुण्यात घडीचं गणित ज्यांच्या बोटांत होतं ते अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे छापखानेवाले आणि बाइंडर. पुस्तकाचा एक फर्मा म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला एक मोठा कागद. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. सपाट कागदावर मात्र ती क्रमानं नसतात. पृष्ठ १ च्या शेजारी १६ असतं, त्यांच्या डोक्यावर ८ आणि ९ उलटी छापलेली, पलीकडे १३ आणि ४. न दुमडलेला फर्मा हातात घेतला तर गोंधळच वाटतो. पण कण्याच्या दोन बाजूंना येणाऱ्या पृष्ठांची बेरीज करून पाहा: १ आणि १६, ८ आणि ९, १३ आणि ४, प्रत्येक वेळी १७. मागच्या बाजूलाही तेच, २ आणि १५, ७ आणि १०. खिळे जुळवणाऱ्याला शेवटची घडी डोळ्यांपुढे आणून उलटीकडून विचार करावा लागे. कोरा कागद तीनदा दुमडून त्यावर आकडे घालायचे, उलगडायचा आणि तसं जुळवायचं, ही त्याची सोपी रीत. घडीत क्रम लपवता येतो आणि हवा तेव्हा तो परत मिळतो, हे त्याला रोजच्या कामात ठाऊक होतं. ही विद्या होती, पण त्या पिढीतल्या कुणी तिला तसं म्हटलं नाही.

म्हटलं ते मद्रासमध्ये. टी. सुंदर राव हे मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी. १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक छापलं. कल्पना कुठून सुचली ते त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकलं आहे: शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाडीतल्या रंगीत चौकोनी कागदांच्या खेळातून. लहान मुलांच्या हातातला कागद घेऊन ते चौरसापासून पंचकोन, षट्कोन असं चढत गेले आणि शांकवांपर्यंत पोचले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ च्या आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली, आणि १९०१ मध्ये राव यांचं पुस्तक शिकागोहून पुन्हा छापलं गेलं.

राव यांच्या रीतीची चव घ्यायची तर वर्तमानपत्राचं एक पान घ्या. मधोमध उभी घडी घालून उलगडा. आता खालचा डावा कोपरा दाबून धरा आणि उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर टेकवा. कोपरा जिथे टेकला तो बिंदू मधल्या रेषेवर आहे, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांच्या मूळ जागांपासून सारखाच दूर. आणि डाव्या कोपऱ्यापासूनचं त्याचं अंतर खालच्या कडेइतकंच आहे, कारण ती कड नुसती फिरली, ताणली गेली नाही. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे समभुज त्रिकोण, म्हणजे ६० अंशांचा कोन. कोनमापक लागला नाही, आणि सिद्धता बोटांखालीच झाली.

या पुस्तकाची आठवण पुण्यात ताजी ठेवली ती अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे हे अभियंते, पुण्यात टेल्कोत ट्रक बांधण्याच्या कामावर होते. ते सोडून ते मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्याकडे वळले. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात ‘पुलस्त्य’ या इमारतीतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते २०१४ पर्यंत काम करत होते. जुन्या वर्तमानपत्राच्या टोप्या, पक्षी, उडणारे मासे तिथं सतत होत असत. दूरच्या आकाशगंगांचा हिशोब करणाऱ्या संस्थेच्या दारात महापालिकेच्या शाळेतली मुलं कागद दुमडत बसावीत, याचं मोल मला फार वाटतं. राव यांनी बालवाडीतून जे गणितात नेलं, ते इथं परत मुलांच्या हाती आलं.

राव यांचा विचार एका ठिकाणी मात्र अडला. घनमूळ घडीनं नेमकं मिळणार नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख आहे. दिलेल्या घनाच्या दुप्पट आकारमानाचा घन काढा हा ग्रीकांचा जुना प्रश्न पट्टी-कंपासानं सुटत नाही हे १८३७ साली सिद्ध झालं होतं, आणि कागद कंपासापुढे जाईल असं त्यांना वाटलं नसावं. १९३६ मध्ये इटलीतल्या फेरारा विद्यापीठाच्या मार्गेरिता बेलोक यांनी दाखवलं की तो जातो. दोन बिंदू एकाच घडीनं एकाच वेळी दोन वेगवेगळ्या रेषांवर आणायचे, एवढीच त्यातली युक्ती. कागद थोडा सरकवत, नजर ठेवत दोन्ही जुळले की दाबायचं. हाताला ही गोष्ट अगदी सहज येते, पण पट्टी-कंपासाच्या नियमांत ती बसतच नाही. त्या एका घडीतून तिसऱ्या घाताचं समीकरण सुटतं. बेलोक यांच्या शोधाकडे कित्येक दशकं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

१९८६ मध्ये पीटर मेसर यांनी तो जुना ग्रीक प्रश्न एका चौकोनी कागदावर आणून ठेवला. कागदाचे आडवे तीन सारखे पट्टे करायचे. मग खालचा उजवा कोपरा डाव्या कडेवर आणायचा, आणि त्याच घडीत उजव्या कडेवरचं खालच्या पट्ट्याचं वरचं टोक वरच्या आडव्या रेषेवर टेकवायचं. कोपरा डाव्या कडेचे दोन तुकडे करतो. वरचा तुकडा खालच्याच्या सुमारे १.२६ पट भरतो, म्हणजे नेमका दोनच्या घनमुळाइतका. पडताळणीला शाळेतलं गणित पुरतं: पायथागोरस, समरूप त्रिकोण आणि थोडं सोपं रूप.

बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात घनमुळाचा धडा आहे. मुलं त्यात संख्यांचे मूळ अवयव पाडतात, तीन-तीनचे गट करतात आणि उत्तर लिहितात. कागद दुमडणं तोवर मागे पडलेलं असतं, सममितीचा अक्ष शिकवून झाला की ते लहान वर्गांतलं काम ठरतं. मला तो चौकोनी कागद नेमका याच धड्यात हवा आहे. पूर्ण घन संख्यांपुरतंच घनमूळ काढायला शिकलेल्या मुलीला दोनचं घनमूळ कागदाच्या कडेवर नखानं दाबलेलं दिसेल, आणि मग तीनचं कसं काढायचं, असं ती विचारेल. बेलोक यांच्या घडीनं तेही निघतं.