रुचीची साक्ष

व्यक्ति तितक्या प्रकृति, ही म्हण आपल्या बोलण्यांत इतकी रुळली आहे कीं, रुचीचा प्रश्न निघाला म्हणजे ती उच्चारून आपण विषय संपवितों. एकाला कारल्याची भाजी आवडते, दुसऱ्याला तिचा वासहि सोसत नाहीं; येथें खरें कोणाचें आणि खोटें कोणाचें? परंतु त्याच तोंडानें आपण आमरसाला, गाण्याला, नाटकाला आणि शेजारच्या घरच्या पुरणपोळीला गुण देत असतों. रुचीस नियमच नसेल तर हे गुण कशाचे? आणि नियम असेल तर तो राहतो कोठें? हा प्रश्न आमच्यापुढें नुकताच अशा एका प्रसंगानें उभा राहिला कीं, त्यांत आमचा स्वतःचा थोडा अपराधहि मिसळलेला होता.

बाळकुम हें ठाण्याच्या खाडीकांठचें जुनें गांव. जुना आग्रा रस्ता त्याच्यावरून कशेळीच्या पुलाकडे व पुढें भिवंडीस जातो. आतां तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे, आणि अशाच एका इमारतींत आमच्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड आहे. श्रावण लागण्यापूर्वींच्या रविवारीं आम्ही त्यांच्याकडे गेलों होतों. त्यांच्या धाकट्या बंधूंस लहान कारखान्यांतून थोड्या प्रमाणावर तयार होणाऱ्या बिअरींचा शोक आहे. असे कारखाने आतां आपल्याकडेहि निघाले आहेत. गेटवे ब्रुइंग कंपनीनें डोंबिवलीस बिअर तयार करून 'डॉपलगँगर' नांवाची एक मॉल्टप्रधान एल लोकांपुढें ठेविली होती. त्या दिवशींची बाटली मात्र त्यांची नव्हे. ती कोणाची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण दोष तयार करणाऱ्याचा नव्हताच, हें पुढें दिसेल.

मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेला व भाजलेला सातू. आपल्या घरांतून लहान मुलांसाठीं मोडाच्या नाचणीचें सत्त्व करितात, त्याचीच ही रीत. मोड आले म्हणजे धान्यांतील पिठाची साखर होण्याची सोय होते. पुढें भाजण्यानें त्याला रंग व खमंग वास येतो. मायार या फ्रेंच रसायनज्ञानें १९१२ सालीं साखर व प्रथिनांचीं मूलद्रव्यें यांचा जो संयोग वर्णिला, त्याचाच हा प्रताप. पोळीवरच्या तांबूस ठिपक्यांतहि तोच असतो. मग ह्या गोड काढ्यांत हॉप्सचीं फुलें कडूपणासाठीं उकळावयाचीं व शेवटीं यीस्ट घालून तो आंबवावयाचा. एल ही थोड्या उबेंत आंबते, म्हणून तिला फळांसारखा वास येतो. साधारण बिअरींत मद्यार्क शेंकडा पांचांच्या आसपास असतो. आमच्यापुढची एल आठांची होती. तिचा रंग चिंचेच्या कोळासारखा होता आणि पेल्यांत ती जड वाटत होती.

धाकट्या बंधूंनीं आम्हां चौघांपुढें एकेक कागद ठेविला. अमेरिकेंत १९८५ सालीं निघालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेची गुणपद्धति त्यांनीं आम्हांस समजावून दिली. एकूण गुण पन्नास: वासास बारा, रूपास तीन, चवीस वीस, तोंडांत जाणवणाऱ्या स्पर्शास पांच आणि एकंदर परिणामास दहा. एकविसापासून एकोणतिसांपर्यंत 'चांगली', अडतिसांपासून चव्वेचाळिसांपर्यंत 'उत्कृष्ट'. शाळेंतल्या परीक्षेसारखीच ही सारी मांडणी पाहून आम्हांस मौज वाटली.

पहिला घोट घेतांच बंधू म्हणाले, "काकवी, खजूर आणि भाजलेला पाव! चव्वेचाळीस." दुसऱ्या गृहस्थांनीं त्रेचाळीस दिले, यजमानांनीं बेचाळीस. आम्हीं आपल्या कागदावर सत्तावीस लिहिले होते. काकवी आम्हांसहि जाणवली होती, पण तिच्यामागून कांहीं कोंदट असें येत होतें. तें काय, हें सांगतां येईना. हे तिघे जाणते, आम्ही नवखे. शिवाय यजमानांच्या घरीं बसून त्यांच्या बाटलीस नांवें कशीं ठेवावयाचीं? आम्हीं सत्तावीस खोडले व चाळीस लिहिले.

इतक्यांत वहिनी बाहेर आल्या. त्या मद्य घेत नाहींत. त्यांनीं पेला उचलून सहज नाकाशीं नेला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्याला पावसांत भिजलेल्या वह्यांचा वास येतो आहे." सगळे हंसले, आम्हीहि हंसलों. पण बंधूंनीं बाटली फिरवून तारीख पाहिली तेव्हां ती वर्षापूर्वींची निघाली, आणि ती बाटली उभा वैशाख स्वयंपाकघरांतल्या कपाटावर, भिंतीच्या तापांत, काढून आलेली होती हें यजमानांस आठवलें. बाटलींत राहिलेल्या हवेचा व उष्णतेचा परिणाम होऊन बिअरीस ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. ह्या धंद्यांतले लोक तो दोष चांगला ओळखतात.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या रुचिविषयक निबंधांत सर्वांतीसच्या 'डॉन किहोते' मधली एक गोष्ट सांगितली आहे. सँकोच्या दोघां नातलगांस एका पिंपांतल्या दारूची परीक्षा करावयास सांगितलें. एकानें चाखून म्हटलें, उत्तम, पण किंचित् चामड्याचा वास आहे. दुसऱ्यानें म्हटलें, उत्तम, पण किंचित् लोखंडाची चव आहे. लोकांनीं दोघांची थट्टा केली. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली! ह्यूमचें म्हणणें असें कीं, रुचि ही मनाची असली तरी तिला जागविणारें कांहीं वस्तूंत असतें, आणि तें टिपण्याची शक्ति सर्वांस सारखी नसते. उलट कांटनें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें कीं, जिभेच्या सुखाविषयीं बोलतांना 'मला' हा शब्द जोडावा, म्हणजे भांडण मिटतें.

आम्हांस वाटतें, दोघेहि आपापल्या जागीं खरे आहेत. वहिनींनीं सांगितलेला वास पेल्यांत होता. तेथें ह्यूमची किल्ली सांपडली. परंतु ती काकवीची गोडी पन्नासांपैकीं किती मोलाची, हें सांगणारी किल्ली कोणत्याच पिंपाच्या तळाशीं नसते. म्हणून गुण हें माप नव्हे. ती साक्ष आहे. दुधांत पाणी किती हें यंत्र सांगतें, त्यास प्रामाणिक असण्याची गरज नाहीं. साक्षीदारास मात्र आहे. त्याची साक्ष चुकूं शकते आणि तरीहि तिला किंमत राहते. पण दुसऱ्याचें ऐकून त्यानें ती फिरविली, कीं ती बरोबर निघाली तरी कवडीमोल होते. चार कागदांवर चार प्रामाणिक आंकडे असते तर त्यांच्या अंतरांतून कांहीं कळलें असतें. आमचा आंकडा मिळाल्यानें तेथें चार साक्षी झाल्या नाहींत. तीनच राहिल्या, आणि त्या तिहींस खोटें बळ मिळालें.

कोणी विचारील, ह्यासाठीं मद्याचेंच उदाहरण कशाला? १९४९ चा दारूबंदीचा कायदा ज्या राज्यांत आजहि परवान्यांच्या रूपानें उभा आहे, तेथें हा प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, येथें परीक्षा व्हावयाची ती वस्तुच परीक्षकास लांच देते. ज्या पक्षकाराचा न्याय करावयाचा तोच घोटाघोटानें न्यायाधीशाची बुद्धि सैल करीत जातो. जाणता परीक्षक थोडेंच चाखतो, तें ह्याचसाठीं. आणि संगतीची लांच तर ह्याहून सूक्ष्म. तिला घोटहि लागत नाहीं. भरतमुनींनीं रसास्वादास अन्नाच्या आस्वादाची उपमा देतांना आस्वाद घेणारा सुमनस असावा असें सांगितलें, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं थोडा उमगला. वहिनींनीं पेल्यास ओठ लावले नव्हते व आमचे कागद पाहिले नव्हते. दोन्हीं लांचांपासून त्या मोकळ्या होत्या.

निघतांना आम्हीं तो खोडलेला सत्तावीस सर्वांस दाखविला. तारीख निघाल्यानंतर तो दाखविण्यांत मोठेंसें धैर्य नव्हतें, हें आम्ही जाणतों. बाटलीचें काय, ती ओतून दिली. पण आम्ही पुस्तकांचीं परीक्षणें लिहितों. आमच्या वाचकांपैकीं कोणी उत्तरपत्रिका तपासतात, कोणी नोकरीसाठीं आलेल्या मुलांची निवड करितात, कोणी स्थळें पाहून येतात आणि घरीं आपलें मत सांगतात. तेथें तळाची किल्ली दिसावयास कित्येक वर्षें लागतात, आणि पुष्कळदां ती दिसतहि नाहीं. आजवर अशा ठिकाणीं आम्हीं किती सत्तावीस खोडून चाळीस केले असतील, आणि किती चाळीस खोडून सत्तावीस, ह्याचा हिशेब आम्हांजवळ नाहीं. आणि ज्यांचे ते गुण होते, त्यांना तर तो मागतांहि येणार नाहीं.