बऱ्या दिवसाची तपासणी



आजाऱ्याच्या औषधाचे बिल भरले की आपल्या मनाला बरे वाटते. त्याच्यासाठी अर्ज लिहायला बसावे लागले, की ते कोर्टकचेरीचे काम वाटते. ज्याचे त्याला देण्याची अखंड इच्छा म्हणजे न्याय, ही व्याख्या संत थॉमस अक्विनस यांनी स्वीकारली. मग कायद्याने जे त्याचेच आहे ते मिळवून देण्याला आपण दान कसे म्हणावे?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स असे आजारही त्यात आले. मात्र बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात, आणि खरा नैतिक पेच येथे आहे. सिकलसेलचा रुग्ण आज चालत येतो, पुढच्या आठवड्यात वेदनेने तळमळतो. तपासणी नेमकी बऱ्या दिवशी आली तर? घरची माणसे सांगतात, "डॉक्टरांपुढे जरा जास्त कण्ह." आम्हांला हे पटत नाही. पण त्यांना खोटारडे ठरवण्याचीही घाई नको. बऱ्या दिवसाचे चित्र खोटे नसते, अपुरे असते. अपुऱ्या सत्याला खोट्याचे ठिगळ लावून ते पुरे होत नाही, एवढेच. त्याला वाईट दिवसांचे कागद जोडावे लागतात: डिस्चार्ज कार्डे, रक्त चढवल्याच्या नोंदी, बुडालेल्या मजुरीचा हिशेब, सगळे तारखांसह. जाणकार वकील हेच करतो. प्रमाणपत्र नाकारले गेले, तर अपिलाची सोयही त्याच कायद्यात आहे.

वकिलाची फी कोण देणार? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांगांना, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील दिला आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. (आपल्यातील शिकलेल्यांनाही हा क्रमांक क्वचितच ठाऊक असतो.)

किडनीचा आजार मात्र त्या २१ मध्ये नाही. डायलिसिसच्या रुग्णाला आरोग्य योजना, विमा, मालकाकडील रजा अशी एकेक दारे वेगवेगळी ठोठवावी लागतात. लूकच्या शुभवर्तमानातील विधवेने न्यायाधीशाकडे भिक्षा मागितली नाही, न्याय मागितला, आणि तो मिळेपर्यंत ती येत राहिली. तिच्या पायांत फेऱ्या मारण्याचे बळ होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याने खिडकीपुढच्या रांगेत कोणत्या वारी उभे राहावे?