कॉपीला ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांसाठी

वारणाकाठची कितीतरी पोरं रात्री उसाला पाणी पाजून सकाळी कॉलेजला येतात, कारण शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच असते. कोडोलीतला असाच एखादा पहाटे उठून ताळेबंद जुळवायला शिकतो आणि 52 गुण मिळवतो. त्याच्या मागच्या बाकावरचा खिशात मायक्रो झेरॉक्स घेऊन बसतो, 70 मिळवतो. पुढच्या प्रवेशाच्या यादीत दुसऱ्याचंच नाव वर लागतं. कॉपीला ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याने त्या पहिल्या पोराच्या नजरेला नजर देऊन ते म्हणून दाखवावं.

परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. भरारी पथकं फिरतात, दरवर्षी कॉपीमुक्त अभियान होतं. तरीही 2019-20च्या शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरप्रकारात 7,800हून अधिक उमेदवारांची नावं आली आणि 2022मध्ये त्यांच्यावर बंदी घातली गेली. हे उद्या वर्गात शिकवणार होते! ही सवय काही एका दिवसात लागत नाही.

पोरगं चिठ्ठी करतं तेव्हा आधी बरंच काही बिघडलेलं असतं. तास बुडालेले, गाईडमधलं ‘आयएमपी’ही पाठ न झालेलं, घरी केटीची धास्ती. त्यात प्रश्न वर्षानुवर्षं तेच. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका प्राध्यापकाच्या हातात नसेल, अंतर्गत गुण तर आहेत. कॉमर्सच्या मुलांना खर्चाचे प्रकार लिहायला सांगण्यापेक्षा घरच्या एक एकर उसाचा टनामागचा खर्च काढायला लावा. मशागत, बेणं, खत, पाणीपट्टी असा सगळा हिशेब वडिलांशेजारी बसून मांडावा लागेल आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. आईने भांगलण केली तिची मजुरी धरायची की नाही, यावर वर्गात वाद होऊ द्या. हे कुठल्या चिठ्ठीत मावणार?

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचे. 1919मध्ये रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी गरिबाच्या पोराला कष्ट करून शिकायची वाट दिली. त्यांचं नाव घेणाऱ्या जिल्ह्यात कष्टाविना मिळालेली पदवी खपवून घेऊ नये.

संस्थाचालकांनी निकालाच्या टक्केवारीची जाहिरात थांबवावी आणि परीक्षेला दुसऱ्या कॉलेजचे पर्यवेक्षक मागवावेत. पालकांनी, एखादा विषय राहिला तर पुन्हा बसता येतं, हे पोरांना निकालाच्या आधीच सांगावं.