काय हुडकायलाव?

लातूरच्या माणसाने जंगलावर लेख लिहावा, म्हणजे ब्रह्मचाऱ्याने बाळंतविड्यावर व्याख्यान द्यावं तसंच आहे. आमच्या जिल्ह्यात वनाखालची जमीन शंभरात एक टक्कासुद्धा नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीप्रमाणे देशाची एकतृतीयांश जमीन झाडांखाली असावी. आमचा आकडा कुणी बँकेत आणला असता, तर आम्ही त्याला शिल्लक म्हटलंच नसतं. राउंडिंग ऑफ करून सोडून दिला असता. लहानपणी मला तीन झाडं ओळखता येत होती. खाली बसायला लिंब, पायात काटा मोडून घ्यायला बाभळ आणि शाळा बुडवून मार खायला चिंच. ज्यात माणूस हरवू शकतो असं एकच अरण्य आमच्याकडे आहे आणि त्याला ऊस म्हणतात. पुढे २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून आगगाडीने आलं. पाणी हे ढगातून येतं की वॅगनीतून, याविषयी आमच्या मुलांच्या मनात तेव्हा जो गोंधळ झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

अशा ह्या निष्पर्ण पार्श्वभूमीचा मी, बदली होऊन नांदेडला आलो. नांदेड जिल्ह्याची गोष्ट वेगळी. त्याच्या उत्तरेला किनवट आणि माहूर हे तालुके आहेत आणि तिथे अजून सागाचं खरंखुरं जंगल आहे. आमचे हेड कॅशियर निसर्गप्रेमी. म्हणजे त्यांच्याकडे दुर्बीण आहे. त्यांनी एके दिवशी जाहीर केलं, "फेब्रुवारी संपायच्या आत किनवटच्या जंगलात जायचं. मार्चमध्ये आपल्याला आपली बायकोसुद्धा दिसत नाही, तिथं पळस कुठून दिसणार?"

शनिवारची रजा टाकायची ठरली आणि पहिला नैतिक प्रश्न तिथेच उभा राहिला. रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. जावळ, बारसं, साखरपुडा, दाढदुखी, सासऱ्यांचा मोतीबिंदू, ही सगळी मान्यताप्राप्त कारणं आहेत. पण 'जंगलात उगीच हिंडणे' असं लिहायला कुणाचाही हात धजेना. शेवटी आम्ही पाचही जणांनी 'घरगुती कारण' असं लिहिलं. एखादं वाईट काम करण्यासाठी माणूस खोटं बोलतो हे समजू शकतं. पण एका निष्पाप कामासाठी पाच सुशिक्षित माणसांना एकदम खोटं बोलावं लागावं, हे मला जरा खटकलं. आमच्या जगात बिनकारणाच्या गोष्टीला रकानाच नाही. कर्जाच्या अर्जातसुद्धा पहिला प्रश्न 'प्रयोजन' हाच असतो.

भल्या पहाटे जीप निघाली. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता. इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे; तो फेब्रुवारीत सहस्र वगैरे काही नसतो, पण खडक बघण्यासारखा आहे. वाटेत हेड कॅशियरांनी आमचं बौद्धिक घेतलं. जपानच्या वनखात्याने म्हणे १९८२ साली झाडांत नुसतं फिरण्याला 'शिनरिन-योकू' असं नाव दिलं. म्हणजे वनस्नान.

"मग टॉवेल आणायला पाहिजे होता," आमचे लोन ऑफिसर डुलकीतून जागे होत म्हणाले.

जंगलात शिरल्यावर पाच मिनिटं आम्ही खरोखर गप्प होतो. फेब्रुवारीअखेरीस साग पानं टाकून मोकळा झालेला असतो. ती परातीएवढी पानं जमिनीवर वाळून पडलेली असतात आणि त्यांच्यावरून चालताना पापडाच्या डब्यात हत्ती शिरल्यासारखा आवाज येतो. वाघ-बिबळ्या तर सोडाच, आमच्या चाहुलीने सरडेसुद्धा तालुका सोडून गेले असतील. पण मधूनच एखादा पळस असा पेटलेला दिसे, की वाटावं, ह्याला कुणी सांगितलं होतं एवढा खर्च करायला? एक पान नाही अंगावर, आणि फुलांची ही उधळपट्टी! कर्जदार असता तर आम्ही ह्याची फाईल परत पाठवली असती.

पाच मिनिटं संपली आणि महागाई भत्त्याचा विषय निघाला. आम्ही बँकेतून बाहेर पडलो होतो, पण बँक काही आमच्यातून बाहेर पडेना.

तेवढ्यात समोरून वाळलेल्या लाकडांची एक मोळी चालत आली. जवळ आल्यावर तिच्याखाली एक म्हातारी दिसली. मोळीला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली. आम्हाला पाहून ती थांबली, मोळी टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि पाचही जणांना एकदा नीट बघून घेऊन म्हणाली,

"काय हुडकायलाव, बाबा? ढोर हारपलं का?"

"नाही मावशी, काही हरवलं नाही."

"मंग?"

"फिरायलोय."

"कशापायी?"

"असंच. उगीच."

तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त एकदा पाहिली आहे. एका माणसाने कर्ज फेडल्यानंतरही तीन महिने हप्ता भरणं चालू ठेवलं होतं, तेव्हा आमच्या साहेबांनी त्याच्याकडे असंच पाहिलं होतं.

"घरी काम न्हाई का?" ती मायेने म्हणाली.

आता आमचे लोन ऑफिसर पुढे सरसावले. माणूस स्वतः अडचणीत आला की त्याला कायदा आठवतो. "मावशी, जंगलातलं लाकूड असं तोडू नये. जंगल आहे म्हणून पाऊस आहे," असं बरंच ते बोलले. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"हे वाळलेलं हाय, सायेब. हिरव्याला हात लावला तर फुडल्या साली काय जाळू?"

पर्यावरणाचं एवढं आटोपशीर तत्त्वज्ञान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजावर भागवायचं. आम्ही हेच लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो, फक्त आमच्या सांगण्याने अजून कुणी ऐकलेलं नाही.

"आता आलाव तर जरा हात लावा," ती म्हणाली. डोक्यावर मोळी एकट्याने चढवता येत नाही, एवढंही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी आणि हेड कॅशियरांनी दोन्हीकडून धरली. व्यायामासाठी दीडशे किलोमीटरवरून आलेला मी, पहिल्या झटक्यात ती गुडघ्याच्या वर नेऊ शकलो नाही. तिसरा माणूस आला तेव्हा ती डोक्यावर गेली. म्हातारी मान ताठ करून चालू लागली आणि आम्ही तिघं झाडाला टेकून धापा टाकू लागलो.

त्या धापा चालू असताना माझ्या डोक्यात प्रश्न शिरला तो अजून गेलेला नाही. जिथे दुसरा माणूस पोटासाठी राबतो, तिथे आपण मजेसाठी हिंडावं का?

इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काऊट नावाच्या डोंगरावर काही शे माणसं मुद्दाम बेकायदा चढली. डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता आणि सामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. पाच जण त्यापायी तुरुंगात गेले. चढणाऱ्यांत आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतली पोरं पुष्कळ होती. आठवडाभर यंत्रापुढे उभं राहिल्यावर रविवारी त्यांना डोंगर हवा होता. तेव्हा 'उगीच फिरणं' ही केवळ बड्यांची चैन आहे असं म्हणून मला सुटता येईना. ज्याला कुणी उसंत देत नाही, त्यालाच ती जास्त लागते.

पण एक फरक आहे. त्या पोरांची गिरणी खाली शहरात होती आणि डोंगर वर होता. ह्या म्हातारीची गिरणी आणि डोंगर एकच. मी काही रविवारी सहल म्हणून बँकेत जात नाही. उद्या एखादं कुटुंब दुर्बीण घेऊन आमच्या कॅश काउंटरसमोर आलं, आणि "अहाहा, काय शांतपणे शिक्का मारताहेत पाहा" म्हणून फोटो काढू लागलं, तर मीही त्यांना विचारीन, काय हुडकायलाव?

दुपारचं जेवण लोन ऑफिसरांनी फोनवरून एका घरी सांगून ठेवलं होतं. त्यांची अट एकच, सगळं चुलीवरचं पाहिजे. गॅसवरची भाकरी काय, घरीही मिळते. आम्ही हात धुवायला घरामागे गेलो, तर भिंतीला एक मोळी टेकवलेली. तिला हिरव्या लुगड्याची चिंधी.

कुणी काही बोललं नाही. आत चूल धडधडत होती. जमाखर्चात प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते, हे आम्ही बी. कॉम.च्या पहिल्या वर्षापासून शिकत आलो. पण दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच अंगणात, अशा समोरासमोर भेटलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. लोन ऑफिसर मान खाली घालून चार भाकऱ्या जेवले. ठेचा तिखट होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं ते म्हणाले.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर खांबाला टेकून बसलो. जुना सागवानी खांब होता. पाठीला त्याचा स्पर्श झाला आणि मला आमचं गाव आठवलं.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. तिथलं घर दगडमातीचं, वर माळवद, आणि माळवद तोललेलं लाकडी खांब आणि तुळयांवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. त्या पहाटे दगडी भिंतींनी माणसं नेली, हजारो नेली. आमच्या घराची भिंतही बाहेरच्या बाजूला पडली. पण आजी निजली होती त्या खणाचे खांब उभे राहिले, आणि त्यांच्यावर माळवद तसंच राहिलं. आजीला आम्ही मातीने माखलेली, पण बोलत बाहेर काढली. ती पुढे बारा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत त्या खांबाला 'ह्यो' म्हणायची, घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

तो खांब आमच्या जिल्ह्यातला नव्हता, एवढं नक्की. आमच्याकडे साग होताच कुठे? पणजोबांच्या काळी, निजामाच्या राज्यात, कुठल्या तरी अशाच जंगलातून तो बैलगाडीने आला असणार. कुणी तोडला, कुणी ओढला, किती दाम मिळाला, कशाचीही नोंद नाही. एक झाड तिथून उठलं आणि शंभर वर्षांनी एका बाईला वाचवून गेलं. कर्ज आहे, पण धनको सापडत नाही, अशी ही केस आहे. कदाचित मी त्या दिवशी तेच हुडकत होतो. म्हातारीचा प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्यापाशी तयार नव्हतं, इतकंच.

आमच्या काउंटरवर कधी कधी वनहक्काचे पट्टे घेऊन माणसं येतात. २००६ च्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसणाऱ्यांना ते मिळाले. आम्ही ते उलटसुलट करून बघतो आणि परत देतो. कारण ती जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता येत नाही, म्हणून गहाणही ठेवता येत नाही. बँकेच्या दृष्टीने अशा मालमत्तेची किंमत शून्य. त्या ओसरीवर बसून मला वाटलं, वारसाने द्यायची, पण विकायची नाही, ही जंगलाची याहून चांगली व्याख्या कुणाला करता येईल? आणि आपल्याकडच्या ज्या ज्या गोष्टी खरोखर किमतीच्या आहेत, त्यांतली एकही कुठल्याच बँकेत तारण म्हणून चालत नाही.

तेव्हा माझ्यापुरता निवाडा असा. जंगलात उगीच फिरायला माणसाला हक्क आहे. मात्र वाटेत मोळी भेटली तर व्याख्यान न देता हात लावावा, आणि ती आपल्याच्याने उचलत नाही हे घरी येऊन खरं सांगावं. मी सांगितलं. सौ. म्हणाली, "त्यात नवीन काय? सिलिंडर तरी कुठं उचलतो तुम्हाला?"

सोमवारी बँकेत नेहमीची गर्दी होती. अकराच्या सुमाराला पाहतो तो बाकावर एक म्हातारा. हातात पासबुक नाही, स्लिप नाही, काही नाही. तासभर तो नुसता बसून होता. कधी पंख्याकडे बघे, कधी काचेमागे नोटा मोजणाऱ्या हेड कॅशियरांकडे बघे, आणि त्याच्या तोंडावर पळस पाहिल्यासारखा आनंद. एरवी मी शिपायाला खूण केली असती. पण त्या दिवशी स्वतः उठून गेलो.

"काय हुडकायलाव, बाबा?"

"काय न्हाई, सायेब," तो संकोचून उठू लागला. "बाजाराला आलतो. हितं गार लागतंय. उगं बसलाव."

रकान्यात बसेल असं हे कारण नव्हतं. मी त्याला खांद्याला धरून परत बसवलं आणि पाण्याचा ग्लास आणून दिला.