झिजलेल्या बोटांची रांग

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी शहादा तालुक्यातल्या या आदिवासी गावात आले होते. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. त्यामुळे दहा बोटं, दोन डोळे आणि चेहरा यंत्रापुढे धरून आपली ओळख पटवण्याची रीत सगळ्या देशाआधी खानदेशात आली, असं म्हणायला हरकत नाही. त्या रीतीतली अडचणही इथल्या माणसांनी लवकर ओळखली.

आमच्याकडे कापूस हातानेच वेचतात. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी होतात आणि ती दिवसभर बोटांच्या शेंड्यांना टोचत राहतात. रावेर-यावलकडे केळीचा चीक हाताला बसतो, त्याचे काळे डाग साबणाने जात नाहीत. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची आग रात्रीही थांबत नाही. अशा हातांवरच्या रेषा पन्नाशीपर्यंत पुसट होतात. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर बोट ठेवलं की ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य ऐकू येतं. मग हात धुऊन या, दुसरं बोट ठेवा, उद्या या.

आता हाच अनुभव जगातल्या मोठमोठ्या विमानतळांवर येतो आहे. युरोपातल्या शेंगेन गटातल्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या प्रवाशांसाठी नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे संगणकात जातात. व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या प्रवाशांना चार बोटं द्यावी लागतात. आपल्यासारख्यांचे दहाही बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जाबरोबर भारतातच घेतलेले असतात. सीमेवर ते जुळवायचे आणि फोटो नव्याने नोंदवायचा. बारा वर्षांखालच्या मुलांची बोटं घेत नाहीत.

ऐकायला हे सोपं आहे. पण तीनशे प्रवाशांच्या विमानात माणशी एक मिनिट जरी वाढलं तरी पाच तासांचं काम वाढतं. काउंटर पाच उघडे असले तर शेवटच्या माणसाला एक तास जास्त उभं राहावं लागतं, आणि पहाटे विमानं एकामागून एक उतरतात.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. शिंदखेडा तालुक्यात राहणाऱ्या मावशीला घेऊन मी त्याच्याकडे गेले, तेव्हा ही रांग जवळून पाहिली. मावशीने सारा जन्म कपाशीत काढला आहे. काचेच्या पट्टीवर तिने हात ठेवला, लाल दिवा लागला. अधिकाऱ्याने काच पुसली, पुन्हा लाल. मग मावशीने आपणहून एक गोष्ट केली. चारही बोटं तिने भांगाजवळच्या केसांवरून फिरवली आणि तेल लागलेला हात परत काचेवर ठेवला. गावच्या रेशन दुकानात ती हेच करते. त्यात शास्त्रही आहे. कोरड्या, झिजलेल्या त्वचेचे उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत, ठसा तुटक येतो. थोडा ओलावा किंवा तेल मिळालं की कधी कधी तो उमटतो. त्या अधिकाऱ्याला हे कुठून कळावं? त्याने हात मागे घेण्याची खूण केली आणि आम्हाला बाजूला उभं केलं.

‘काय जायं माय?’ मावशीने हळूच विचारलं, आणि हात पदराखाली घेतला. मागच्या लोकांचा आपल्यामुळे खोळंबा झाला, याची तिला लाज वाटत होती. मला मात्र राग आला होता, आणि तो त्या अधिकाऱ्यावर नव्हता. तो सौजन्याने वागला, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावून कागदपत्रं तपासून त्याने आम्हाला सोडलं. राग होता तो हा, की ज्या हातांनी आयुष्यभर काम केलं त्या हातांवरच शंका घेतली जाते आणि तरी मान खाली घालायची वेळ त्याच हातांच्या मालकिणीवर येते.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांकडून दहा बोटांचे ठसे मागितले, तेव्हा गांधीजींचा पहिला सत्याग्रह उभा राहिला आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये नोंदणीपत्रांची होळी झाली. तो कायदा वंशावर बेतलेला होता. आजची तपासणी तशी नाही. त्याच रांगेत इंग्रज आणि अमेरिकनही उभे असतात. मुदत संपल्यावर कोण राहिलं, खोट्या पासपोर्टवर कोण आलं, हे पाहण्याचा त्या देशांना हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की बोट उमटलं नाही तर पुढे काय, याची सोय काउंटरवरच हवी.

ती अवघड नाही. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला २०२१ पासून आपल्याकडे मोबाइलवर चेहरा चालतो, आणि त्याने कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा हेलपाटा वाचवला. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना आधी नोंदणी करून जलद दरवाजातून जाता येतं. म्हणजे ठसे निवांतपणे आधी घ्यायचे, गर्दीत नाही. ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची बोटं मात्र आपणही उतरल्यावरच घेतो. त्या रांगेत आमच्या जळगाव-धुळ्याच्या घरांतल्या परदेशी सुनाही असतात, बारा-चौदा तासांच्या प्रवासाने शिणलेल्या.

लिस्बनमध्ये प्रवासी कित्येक तास ताटकळले, तेव्हा पोर्तुगाल सरकारने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तिथली नोंदणी तीन महिने थांबवली. यंत्र माणसांना पेलवत नसेल तर ते थांबवता येतं, हे त्या सरकारने दाखवलं. रेशनच्या रांगेतल्या बाईसाठीही इतकीच तत्परता असावी, असं मला मनापासून वाटतं.

आईवडिलांना युरोपात बोलावणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. तपासणी शेंगेनमधल्या पहिल्याच विमानतळावर होते, म्हणून तिथून पुढचं विमान असेल तर मधे चार तास तरी ठेवा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, म्हणजे सोबत कर्मचारी असतो. ‘शेतीकामामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत’ असं त्या देशाच्या भाषेत एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. आणि हे सगळं आईला जळगाव स्टेशनवर गाडीत बसण्याआधी समजावून सांगा, की लाल दिवा लागला तरी तिचं काही चुकलेलं नसतं.