मुदतीनंतरचे आठ दिवस

लग्नाचा मुहूर्त टळता कामा नये, असे आपण म्हणतो. आणि मामा नवरीला घेऊन अजून आलेला नाही असे दिसले, की आणखी दोन मंगलाष्टके म्हटली जातात. मंडपात कोणाला त्याचे सोयरसुतक नसते. कारण उशिरा आलेला पाहुणा लवकर आलेल्याच्या पानातला लाडू काही उचलून घेत नाही. कॉलेजच्या प्रवेशअर्जाची मुदत मात्र निराळी. तिथे पाने मोजकीच मांडलेली असतात.

1974 च्या जूनमधली गोष्ट. एस.एस.सी. होऊन मी आणि माझ्या गावचा एक जोडीदार शिरूरकडून पुण्याला निघालो. अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस. फीचे पैसे जमवण्यातच वडिलांचा आठवडा गेला होता. पहिली एस.टी. चुकली, म्हणून कांद्याच्या ट्रकमध्ये बसून आम्ही शिवाजीनगर गाठले आणि तिथून पळत सुटलो. खिडकी बंद व्हायला चार-पाच मिनिटे होती. दोघांचेही अर्ज घेतले गेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो फळ्यावर सूचना : मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे.

कॉलेजचे नाव मी सांगत नाही. तिथल्या कारकुनाला मात्र मी धीर करून विचारले. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "बाळ, गेल्या वर्षी दोनशे अर्ज होते, यंदा सव्वाशेच आलेत. आकडा उतरलेला बरा दिसत नाही." जागा होत्या चाळीस! चाळिसांसाठी सव्वाशे पुरत नव्हते काय?

त्या आठ दिवसांत वेल्ह्याकडचा एक मुलगा आला. ओढ्याला पाणी आल्यामुळे त्याला दाखला वेळेवर मिळाला नव्हता. त्याचे गुण माझ्याहून जास्त होते. तो यादीत लागला, मीही कसाबसा लागलो, आणि माझा जोडीदार प्रतीक्षायादीत राहून गावी परतला. पुढे वेल्ह्याचा तो मुलगा माझा जिवलग मित्र झाला. जोडीदारही मित्रच होता. आता मी कोणाच्या बाजूने बोलावे?

हिरकणीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सूर्य मावळला, रायगडाचे दरवाजे लागले, आणि तान्ह्या बाळासाठी ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला, तिथे बुरूज बांधला, असे कथा सांगते; दरवाजे उशिरा लावावेत असा हुकूम काढल्याचे ती सांगत नाही. लहानपणी मला पहारेकऱ्यांचा राग येई. आता वाटते, नियम ज्यांच्या रक्षणासाठी होता तेही गडावरच झोपले होते. पण आईला उतरण्यासाठी कडाच शोधावा लागावा, हेही मनाला पटत नाही.

मुदत ही नुसती आज्ञा नसते. संस्थेने सर्व अर्जदारांना मिळून दिलेला तो शब्द असतो. सर्वांचीच वाट अडली, तर शब्द बदलण्यात मला दोष दिसत नाही. 2020 साली करोनामुळे राज्याची सीईटी ऑक्टोबरात गेली, त्यात मला तरी अन्याय वाटला नाही. एकट्याची वाट अडली, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि का ऐकले ते फळ्यावर लिहावे. पण आकडा फुगावा म्हणून दार उघडे ठेवले, तर आत येणारा माणूस राहत नाही, तो बेरजेतला एक होतो. वेल्ह्याच्या मुलावर दया झाली ती चुकून. त्या दयेचे श्रेय कोणाला द्यायचे?

आकड्याचे वेड पुण्यापुरते नाही. नाकारलेल्यांच्या संख्येवर थोरवी मोजण्याची रीत साऱ्या जगात आहे. देवळाचे माहात्म्य दारातून परत पाठवलेल्यांवरून कोणी मोजत नाही, विद्यापीठाचे मात्र मोजतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डने त्या वर्षी शंभरांतले चार-पाच अर्जदार घेतले होते. तरी 2018 मध्ये त्यांनी अर्जांचा आकडा जाहीर करणे थांबवायचे ठरवले. शहाणपणच म्हणायचे. शिवाय तो आकडा तरी कितपत खरा? एकच मुलगा दहा ठिकाणी अर्ज करी, तेव्हा दहा कॉलेजे त्याला आपला उमेदवार म्हणून मोजत. आता अकरावीचा एकच अर्ज आणि त्यात दहा पसंतिक्रम, म्हणजे निदान डोकी तरी एकदाच मोजली जातात.

2025 मध्ये ही ऑनलाइन पद्धत प्रथमच राज्यभर लागू झाली. जागा वीस लाखांहून अधिक, अर्जदार त्यांहून कितीतरी कमी. तरी 21 मे रोजी संकेतस्थळ उघडताच कोलमडले, कारण साऱ्यांना पहिल्याच दिवशी पोचायचे होते. माझी नातही त्यांतलीच. सकाळपासून ती संगणकासमोर बसून होती; जेवायलाही उठली नाही. पुढे कळले, की नोंदणी आता 26 मेपासून.

"आजोबा, सर्वांना जागा आहे, तर मी एवढी घाई का केली?" तिने विचारले.

मी तिला ट्रकची गोष्ट सांगितली. जोडीदाराचे पुढे काय झाले, हे तिने लगेच विचारले. तो गावी शेती करतो, दर दिवाळीला घरच्या ज्वारीचे पोते पाठवतो, एवढे मी सांगितले. ते आठ दिवस तो विसरला आहे की नाही, हे मी त्याला कधीच विचारलेले नाही.